'आयपी लायसन्स'च्या नावाखाली 14,659 रुपये उकळले. घरात दोन राउटर असतील तर वाचाच

घरातल्या आयपी अ‍ॅड्रेसचं (नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाला मिळणाऱ्या पत्त्याचं) लायसन्स नसतं. कुठल्याही कंपनीचं, कुठल्याही खात्याचं. कोणी विकायला आलं तर फोन तिथेच ठेवा.

आमचं रो-हाउस नाशिकला. खाली इंटरनेट कंपनीचा राउटर. वर रेंज येत नाही म्हणून जुन्या फ्लॅटमधला राउटर केबल ओढून वर लावला आणि कटकट सुरू झाली: लॅपटॉपवर 'आयपी अ‍ॅड्रेस कॉन्फ्लिक्ट'चा चौकोन, नेट मध्येच गायब, प्रिंटर सापडेना. माझ्या दहावीच्या ऑनलाइन शिकवण्या चालू, पूर्वपरीक्षा तोंडावर. कंपनीच्या नंबरवर 'एक दाबा, दोन दाबा' करून शेवटी नेटवर सापडलेला 'कस्टमर केअर' फिरवला. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पण शहाणपण शिकवण्याआधी बिलावरच्या नंबरवर जिवंत माणूस मिळवून दाखवा.

तपासणीचे 499. मग स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला लावलं, काळ्या खिडकीत 'नेटस्टॅट' (चालू जोडण्यांची यादी दाखवणारी कमांड) टाइप केलं आणि 'फॉरेन अ‍ॅड्रेस' या रकान्याकडे बोट. "मॅडम, परदेशातून लोक तुमच्या आयपीवर बसलेत." त्या रकान्यात फक्त पलीकडच्या टोकाचा पत्ता असतो, नाशिकमधला असला तरी! पाच वर्षांचं लायसन्स 6,000, अधिक 18 टक्के जीएसटी, एकूण 7,080. स्टॅटिक, म्हणजे न बदलणाऱ्या, आयपीचे इंटरनेट कंपन्या खरोखरच वेगळे पैसे घेतात, त्यामुळे मला ते वावगं वाटलं नाही. वर जीएसटीसकट बिल. कोणाला वाटलं असतं?

पैसे जाताच म्हणाला, "वरच्या राउटरचा प्लग काढा, लॅपटॉप रीस्टार्ट करा." नेट सुरळीत. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. प्लग मी काढला, माझ्या हाताने, आणि श्रेय त्याच्या लायसन्सला! रात्री वरचा राउटर लावला की पुन्हा तेच. "दुसऱ्या राउटरला वेगळं लायसन्स लागतं." आणखी 7,080. सर्टिफिकेटवर ठळक अक्षरात 'नोंदणीकृत आयपी: 192.168.1.7'. 192.168 ने सुरू होणारे पत्ते 1994 पासून खाजगी नेटवर्कसाठी फुकट राखून ठेवलेले आहेत. हाच 192.168.1.7 तुमच्याही घरात कुठल्यातरी मोबाइलला असू शकतो.

खरं कारण भाच्याने फोनवरच सांगितलं. दोन्ही राउटरचा पत्ता 192.168.1.1 आणि दोघेही डीएचसीपीने, म्हणजे आपोआप, पत्ते वाटत होते. एका सोसायटीत दोन सचिव, दोघेही पार्किंगचे नंबर वाटणार, मग लॅपटॉप आणि प्रिंटरला एकच नंबर. उपाय फुकट: खालून येणारी केबल काढून लॅपटॉप फक्त वरच्या राउटरला जोडायचा, त्याचा पत्ता 192.168.1.2 करायचा (खालचा राउटर वाटतो त्या टप्प्याबाहेरचा हवा), डीएचसीपी बंद करायचं, केबल परत लॅन पोर्टमध्ये. वॅनमध्ये नाही. काही राउटरमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असतो, तो निवडला की एवढंही नको.

आता बाकीच्यांची कथा. बँक म्हणते, यूपीआय पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "त्यांनी सेवा दिली, तुम्ही पैसे दिलेत, यात गुन्हा कुठला?" सर्टिफिकेट दाखवलं तर म्हणाले, "यावर जीएसटी नंबर आहे की!" तो नंबर खरा आहे का, हे तपासायला सरकारी पोर्टल आहे, ते मी तिथेच मोबाइलवर उघडलं, नंबर बोगस निघाला, तरी "अर्ज ठेवून जा." अर्जाची पोच मागितली तर शिक्का सापडत नव्हता. इंटरनेट कंपनी म्हणते दुसरा राउटर आमचा नाही, आमचा संबंध नाही. नेटचं बिल मात्र वेळेवर लागतं. एवढ्या लोकांना पगार कशाचा मिळतो?

पैसे गेले की आधी 1930 (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फिरवा, भांडणं नंतर. ते अ‍ॅप काढून टाका, पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदला, राउटरच्या अ‍ॅडमिनचाही. व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा संदर्भ क्रमांक) लिहून ठेवा. पहिला प्रश्न तोच येतो.

काल दुसऱ्या नंबरवरून फोन आला: "मॅडम, तुमचा रिफंड मंजूर आहे, फक्त 299 प्रोसेसिंग." तुम्हालाही येईल. भरू नका.