बुकिंग अ‍ॅप : मंदिराजवळच्या लॉजला कितपत परवडतं?

कोल्हापुरात अंबाबाई मंदिराजवळ महाद्वार रोड, ताराबाई रोड, भवानी मंडप या भागातल्या दहा-बारा खोल्यांच्या लॉजला बुकिंग अ‍ॅप उपयोगी पडतं ते पावसाळ्यातल्या आडवारी. नवरात्रात आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेला खोल्या तशाही भरतात. त्या दिवसांत अ‍ॅपवर एखादीच खोली खुली ठेवावी. नाहीतर काउंटरवर दिलेली खोली अ‍ॅपवरही विकली जाते आणि पहाटे दारात वाद. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी उतरणाऱ्यांना लगेच आंघोळ करून दर्शनाला जायचं असतं, अ‍ॅपवर मात्र चेक-इन दुपारी बाराचं. लवकर येणाऱ्यांचा दर आधीच टाकून ठेवावा.

पैशाचं गणित नीट मांडावं. 2000 रुपयांची खोली, कमिशन 20 टक्के धरलं तर 400 गेले. कमिशनवर 18 टक्के जीएसटी, 72. अ‍ॅप आधीच कापून सरकारकडे भरतं तो कर : टीडीएस 2, टीसीएस 10. हातात 1516. टीडीएस-टीसीएसचे 12 रुपये पुढे वळते होतात, 72 मात्र कायमचे गेले, कारण 7500 पर्यंतच्या खोलीचा 5 टक्के जीएसटी इनपुट क्रेडिटशिवाय आहे, म्हणजे आपण भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. हे 72 बरेच मालक धरतच नाहीत.

म्हणजे फोन करणाऱ्याला खोली 1700 ला दिली तरी दोघांचाही फायदा. इथेच करारातलं समान दराचं कलम आडवं येतं : अ‍ॅपपेक्षा स्वस्त दर दुसरीकडे कुठे द्यायचा नाही. दिला तर यादीत खाली ढकललं जाण्याची भीती.

या कलमावर निकाल लागलेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने 2019 मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबो आणि ओयोची चौकशी लावली. ऑक्टोबर 2022 मध्ये अनुक्रमे 223.48 कोटी आणि 168.88 कोटींचा दंड झाला, मेकमायट्रिपला हे कलम काढायला सांगितलं. मधल्या तीन वर्षांत लहान लॉजने काय करायचं? स्पर्धा कायद्याच्या कलम 33 खाली अंतरिम आदेश देता येतो. ओयोशी झालेल्या करारामुळे मेकमायट्रिपच्या यादीतून निघालेल्या फॅबहॉटेल्स आणि ट्रीबो या हॉटेल साखळ्यांना परत घेण्याचा आदेश मार्च 2021 मध्ये आयोगाने दिलाही, पण ओयो त्याविरुद्ध गुजरात उच्च न्यायालयात गेली.

म्हणून मोठ्या कंपन्यांना काही गोष्टी खटल्याआधीच बंद हव्यात, आणि समान दराची सक्ती त्यात पहिली. कमिशनचा दर सरकारने ठरवू नये. तो लॉजवाला आणि अ‍ॅप बघून घेतील. मार्च 2024 मधला डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा हाच आधी नियम घालण्याचा मार्ग सुचवतो. मोठी कंपनी कोणती हे ठरवायला देशातली उलाढाल 4000 कोटी किंवा तसाच दुसरा आर्थिक निकष, शिवाय एक कोटी ग्राहक किंवा दहा हजार व्यावसायिक वापरकर्ते, असे निकष त्यात आहेत. युरोपात असे नियम मार्च 2024 पासून लागू आहेत.

गिऱ्हाईक आणण्यात अ‍ॅपला पाचपैकी चार, कराराला दीड. सही करण्याआधी समान दर, रद्द बुकिंगचे पैसे आणि सवलतीचा भार कुणावर, ही तीन कलमं वाचा. सवलत आपोआप चालू असेल तर ती पहिल्याच दिवशी बंद करा.