कॅरोटिडचे तुकडे कोणाच्या हिशेबाने पाडायचे?

इंटर्नल कॅरोटिड म्हणजे मानेतून कवटीत शिरून मेंदूला रक्त नेणारी धमनी; तिचे भाग पाडायच्या पद्धती एकाहून जास्त आहेत. परीक्षा तोंडावर असेल तर फार विचार करू नका, बूथिलियरची पद्धत पाठ करा. खरी अडचण येते ती कवटीच्या तळाचं ऑपरेशन दुर्बिणीने नाकातून करायचं ठरलं की.

आधी जुनी पद्धत. 1938 साली फिशरने अँजिओवर (रक्तवाहिन्यांच्या एक्स-रेवर) बघून इंटर्नल कॅरोटिडचे पाच भाग केले. गाठीमुळे धमनी कुठे सरकली हे ओळखणं हा हेतू, म्हणून आकडे रक्ताच्या उलट दिशेने, वरून खाली. त्याचा सी-1, म्हणजे पहिला भाग, मेंदूजवळ, बूथिलियरचा सी-1 मानेत! जुना पेपर वाचताना हे ध्यानात ठेवा. बाकी फिशर आता सोडून दिला तरी चालेल.

बूथिलियरची 1996 ची पद्धत सात भागांची आणि प्रवाहाबरोबर जाणारी. तिची खरी किंमत सी-5 ला कळते. ड्युराच्या (मेंदूवरच्या जाड आवरणाच्या) दोन कड्यांमधला हा चिमुकला क्लिनॉइड भाग. वरच्या कड्याच्या पलीकडचा अॅन्युरिझम (धमनीच्या भिंतीचा फुगा) फुटला तर रक्त सबअॅरॅक्नॉइड जागेत, म्हणजे मेंदूभोवतीच्या पाण्यात जातं. कड्याच्या खालच्याचा हिशेब वेगळा. क्रॅनिओटॉमी करणाऱ्याला, म्हणजे कवटी उघडून जाणाऱ्याला, हे नेमकं हवं असतं. सी-3 चं ‘लॅसेरम’ हे नाव मात्र फसवं आहे. धमनी फोरामेन लॅसेरम या कवटीच्या तळातल्या छिद्रातून आरपार जात नाही, त्यातल्या कूर्चेच्या वरून जाते.

दुर्बिणीतून पाहणाऱ्याला ही कडी समोर दिसतच नाहीत. त्याला दिसतो स्फिनॉइडच्या (नाकामागच्या हाडातल्या पोकळीच्या) मागच्या भिंतीवरचा कॅरोटिडचा फुगवटा. 2014 ची लबीब यांची पद्धत तिथून सुरू होते: पॅराफॅरिंजियल, पेट्रस, पॅराक्लायव्हल, पॅरासेलर, पॅराक्लिनॉइड, इंट्राड्युरल. ‘पॅरा’ म्हणजे शेजारी, त्यामुळे नावातच शेजारी कोण ते कळतं. वाट दाखवायला व्हिडियन नर्व्ह, स्फिनॉइडच्या तळातल्या कालव्यातून जाणारी नस, असते: तिच्या कालव्याच्या खालून आणि आतल्या बाजूने हाड घासत मागे गेलं की कॅरोटिडचं वळण भेटतं. आणि स्फिनॉइडमधला पडदा कधीही पिळून ओढू नका. बरेचदा तो कॅरोटिडवरच्या पातळ हाडालाच चिकटलेला असतो. कापणाऱ्या पंचने घ्या.

माझं मत विचाराल तर नाकातून काम करताना डोक्यात लबीब हवा, पण नोट्समध्ये ‘पॅराक्लायव्हल’च्या पुढे सी-3/सी-4 सुद्धा लिहा. रक्त उसळलं, चेचलेला स्नायू दाबून धरला आणि पेशंट कॅथलॅबकडे निघाला, की फोनवरचा इंटरव्हेन्शनवाला (धमनीत नळी घालून उपचार करणारा डॉक्टर) बहुधा आकडाच विचारतो.