मैदानाभोवती फ्लॅट की मोकळं मैदान?

आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडच्या फुटबॉल क्लबापुढे दोन वाटा आहेत. बिल्डर म्हणतो, मैदानाच्या कडेने दुकानं आणि फ्लॅट बांधू, भाड्यावर क्लब चालेल. पैसा हवाच आहे. गोलपोस्टची जाळी पोरांनी सुतळीने बांधलीय. पण लोक राहायला आले की संध्याकाळच्या आरडाओरड्याची तक्रार होणार, आणि आज पावसाचं पाणी मुरतं तिथे पार्किंग येणार.

दुसरी वाट वर्गणीची, लहान मुलांच्या कोचिंगची. कमाई तुटपुंजी, तरी मला हीच पटते. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या गोव्याच्याच धेंपो क्लबाने २०१६ मध्ये आय-लीग ही देशपातळीवरची फुटबॉल स्पर्धा सोडली, २०२४ मध्ये तो परतला. विकलेलं मैदान असं परतत नाही. दुकानं काढायचीच तर रस्त्याकडेला एकच रांग, आणि जमीन क्लबाच्याच नावावर.