पहिला बाँड कोणता? परभणीतील एका डीव्हीडी लायब्ररीविषयी

परभणीत स्टेशन रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत डीव्हीडी भाड्याने देणारे एक जुने दुकान अजून चालू आहे. तेथे पूर्वी व्हिडिओ कॅसेट मिळत. त्या कॅसेट कधीच गेल्या, पण दुकानाचे मालक, ज्यांना सगळी गिऱ्हाइके चाचा म्हणतात, आजही त्याच लाकडी गल्ल्यामागे बसतात. त्यांच्या मागच्या फळीवर १९६२ च्या ‘डॉक्टर नो’पासून २०२१ च्या ‘नो टाइम टू डाय’पर्यंत जेम्स बाँडच्या मुख्य मालिकेतील पंचवीसही चित्रपट ओळीने लावलेले आहेत. घरबसल्या मोबाइलवर चित्रपट दिसत असताना या दुकानाची पायरी का चढावी, याचे कारण मात्र त्या फळीत नसून चाचांच्या वहीत आहे.

नवीन सभासदाचे नाव आणि अनामत लिहून झाली की चाचा वहीतल्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून विचारतात, “बाँडचा पहिला सिनेमा कोणता बघितला होता, अन् कुठं?” उत्तर मिळाल्याशिवाय ते फळीला हात लावत नाहीत. ज्या दृश्याने माणूस या मालिकेकडे ओढला गेला, त्याच्या जवळपास जाणारे दुसरे दृश्य त्याला आधी द्यायचे, असा त्यांचा हिशेब असतो.

माझे उत्तर अर्ध्या चित्रपटाचे होते. शाळेत असताना वडिलांबरोबर रात्रीच्या व्हिडिओ कोचने पुण्याला जात होतो आणि बसमध्ये ‘लिव्ह अँड लेट डाय’ लागला होता. मगरींच्या तळ्यातील इवल्याशा बेटावर बाँड उभा आहे, पूल मागे ओढून घेतला गेला आहे आणि मगरी चहूबाजूंनी जवळ येत आहेत, नेमक्या त्याच वेळी माजलगावच्या पुढे गाडी चहासाठी थांबली आणि क्लीनरने टीव्ही बंद केला. गाडी सुटल्यावर लोकांना झोपायचे होते, त्यामुळे तो पुन्हा लागला नाही. तो माणूस तेथून कसा सुटला असेल, याचा विचार मी पुण्यापर्यंत जागून केला आणि माझे बाँडवेड त्या रात्रीपासूनचे आहे. चाचांनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मालिकेतील पहिला चित्रपट न देता तोच १९७३ चा चित्रपट माझ्या हातात ठेवला. ते तळे जमैकातील रॉस कानांगा यांच्या मगरपालन केंद्रातले होते, मगरींच्या पाठीवर पाय देत काठ गाठण्याची ती धाव बाँड झालेल्या रॉजर मूर यांच्या जागी स्वतः कानांगा यांनी घेतली, ती पाचव्या प्रयत्नात साधली आणि खलनायकाचे नावही त्यांच्यावरूनच ठेवले गेले, हे मला त्या गल्ल्यापाशी उभे राहूनच कळले.

जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर नोकरी करून निवृत्त झालेले एक अभियंता तेथे नेहमी भेटतात. त्यांच्या नावापुढे ‘गोल्डनआय’ लिहिलेले आहे. १९९५ च्या या चित्रपटाच्या सुरुवातीला बाँड एका प्रचंड धरणाच्या माथ्यावरून दोर बांधून खाली झेप घेतो. कथेत ते धरण सोव्हिएत संघात असले, तरी चित्रीकरण स्वित्झर्लंडमधील २२० मीटर उंचीच्या व्हेर्झास्का धरणावर झाले. ज्यांची हयात पैठणच्या दहा किलोमीटर लांब, पण सुमारे ४१ मीटर उंचीच्या मातीच्या धरणाच्या पाण्यावर गेली, त्यांना नायकापेक्षा ती काँक्रीटची कमान अधिक भावली. चाचांनी त्यांना पुढे ‘द स्पाय हू लव्हड् मी’ दिला. त्यातील पाणबुड्या गिळणाऱ्या तेलवाहू जहाजाचा अंतर्भाग कलादिग्दर्शक केन अ‍ॅडम यांनी उभारला होता आणि तो मावावा म्हणून पाइनवुड स्टुडिओत एक स्वतंत्र भव्य दालन बांधावे लागले. अभियंत्यासाठी याहून नेमकी निवड मला तरी सुचली नसती.

एका शिक्षिकेची नोंद उदयपूरची आहे. १९८३ च्या ‘ऑक्टोपसी’चे बरेच चित्रीकरण तेथे झाल्यामुळे काही उपाहारगृहे तो चित्रपट आजही संध्याकाळी दाखवतात. सहलीत जेवता जेवता त्यांनी तो पाहिला, पडद्यावर कबीर बेदी आणि विजय अमृतराज दिसले, सकाळीच पाहिलेले तळे दिसले आणि त्या जेवण विसरल्या. परगावच्या ताटावर बसून एखाद्या परदेशी मालिकेशी नाते जुळावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

तरुण मुलांच्या नावांपुढे बहुधा डॅनियल क्रेगचा ‘कॅसिनो रोयाल’ असतो. त्यांना चाचा १९६३ चा ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ देतात, कारण आगगाडीच्या डब्यातील शॉन कॉनरींची ती जीवघेणी झटापट पाहिली की क्रेगचा रांगडेपणा कोठून आला हे सांगावे लागत नाही.

माझी खरी तक्रार येथेच आहे. वहीतला पहिला चित्रपट पाहूनच पुढचा मिळत असल्यामुळे जो कोणाचाच पहिला नव्हता, तो फळीवरच राहतो. टिमथी डाल्टन यांचे बाँड म्हणून केवळ दोन चित्रपट आले, १९८७ आणि १९८९ चे; त्यानंतर कायदेशीर वादांमुळे मालिका सहा वर्षे थांबली आणि ती सुरू झाली तेव्हा पिअर्स ब्रॉस्नन आले होते. मित्राच्या सूडासाठी नोकरीवर पाणी सोडणारा त्यांच्या ‘लायसन्स टू किल’मधील बाँड क्रेगच्या १७ वर्षे आधी तितकाच जखमी आणि कठोर होता. क्रेगच्या चाहत्यांना हा चित्रपट आधी द्यावा, असे मी चाचांना दोनदा सुचवले आहे. “बघू,” एवढेच ते म्हणतात.

बाकी व्यवहार साधा आहे. दोन दिवसांचे भाडे ३० रुपये आणि अनामत ५०० रुपये. ही अनामत विद्यार्थ्यांना जड जाते आणि ती कमी व्हायला हवी. काही डिस्कवर ओरखडे आहेत. माझ्याकडे ‘थंडरबॉल’ पाण्याखालच्या लढाईत अडकला, तेव्हा चाचांनी भाडे परत केले, पण दुसरी प्रत अजून आलेली नाही. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असते.

माझ्या मुलीचे नाव मागच्या महिन्यात वहीत चढले. तिने एकही बाँडपट पाहिलेला नसल्यामुळे शेवटचा रकाना कोरा राहिला आणि चाचांनी तिला त्या दिवशी काहीच दिले नाही. “परीक्षा होऊ द्या, मग लेकराला घेऊन या, निवांत निवडू,” असे म्हणून त्यांनी वही मिटली.