अमेरिकी पासपोर्ट: पुस्तिका झकास, पण रजा कोण देणार?

सेवा: माझा पहिला अमेरिकी पासपोर्ट, टपाल कार्यालयाच्या खिडकीवर अर्ज करून. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते सांगते, पण त्याआधी हे लिहायला का बसले ते सांगते. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या जेवणावळीत कुणी ना कुणी हा विषय काढतंच: "या अमेरिकनांकडे पासपोर्टसुद्धा नसतो, जगाची काही माहितीच नाही." सगळे हसतात. मला ते हसू आताशा पटत नाही.

मी कॅन्सस सिटीच्या मिझुरी राज्याकडच्या एका उपनगरात दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. फोन, अपॉइंटमेंट, विमा कंपन्यांशी हुज्जत. नागरिकत्वाची शपथ झाल्यावर पासपोर्टला अर्ज केला, आणि नंतर आमच्या हायजिनिस्टबरोबर (दवाखान्यात दात साफ करून देणारी) तिच्या अर्जासाठीही त्याच खिडकीवर गेले. तिची बाजू बघितल्यावर या सेवेची खरी किंमत कळली.

आधी सेवेबद्दल. पहिल्या अर्जाचा फॉर्म डीएस-११. काळ्या शाईत, एका बाजूला छापलेला, आणि सही खिडकीवरच्या माणसासमोर करायची, घरून करून न्यायची नाही. फोटो दोन इंच बाय दोन इंच, चष्म्याशिवाय. आमच्या खिडकीवरची बाई चोख होती: कागद क्रमाने लावले, शपथ घ्यायला लावली, नागरिकत्वाचं मूळ प्रमाणपत्र पाकिटात घातलं. इथे मात्र पोटात गोळा येतो. ते प्रमाणपत्र हरवलं तर दुसरं काढायला पाचशेहून जास्त डॉलर पडतात, आणि ते साध्या पाकिटातून चाललेलं असतं. पासपोर्ट आला, प्रमाणपत्र नंतर वेगळ्या पाकिटातून आलं. मधले दिवस टपालपेटीकडे बघण्यात गेले.

पुस्तिका मात्र सुरेख आहे. नव्या पासपोर्टचं माहितीचं पान जाड पॉलिकार्बोनेट प्लास्टिकचं, त्यावर फोटो लेझरने कोरलेला. मोठ्यांसाठी १० वर्षं चालते. सध्या साध्या मार्गाने ४ ते ६ आठवडे सांगतात, टपालाचा वेळ वेगळा. २०२३च्या उन्हाळ्यात हाच आकडा १० ते १३ आठवड्यांवर गेला होता, तेव्हा हल्लीच्या वेगाबद्दल तक्रार करायला जागा नाही. नूतनीकरण २०२४पासून घरबसल्या ऑनलाइनही होतं. पहिल्या अर्जाला ती सोय नाही.

आता पाचवा तारा. पासपोर्टची फी १३० डॉलर, ती चेकने किंवा मनी ऑर्डरने (इथे ती म्हणजे आधी पैसे भरून विकत घ्यायचा, चेकसारखा कागद). कार्ड चालत नाही. खिडकीचे ३५ डॉलर वेगळे, ते टपालखात्याला. पंचविशीतल्या पोरांकडे चेकबुक कुठून असणार? माझ्यापुढचा एक मुलगा अपॉइंटमेंटच्या वेळेला मनी ऑर्डर घ्यायला दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहिला. आणि वेळा बहुतेक कामाच्या दिवशीच्या, कामाच्या तासांत. शनिवारच्या भराभर भरतात. म्हणजे परदेशी जायच्या रजेचं पुढे बघू, पासपोर्ट काढायलाच आधी रजा टाका.

आमच्या हायजिनिस्टच्या भाचीचं लग्न ठरलं मेक्सिकोत, कॅनकूनला. समुद्रकाठी लग्न लावायची इथे फॅशनच आहे. पाहुण्यांचा खर्च पाहुण्यांनी करायचा. घरात चार माणसं: ती, तिचा दुसरा नवरा, आणि पहिल्या लग्नाची दोन मुलं, दोन्ही १६च्या आतली. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही हिशेब मांडला. मोठ्यांचे १६५ प्रमाणे ३३०. मुलांचे १३५ प्रमाणे २७०, आणि मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांतच संपतो. झाले ६०० डॉलर, फोटोंचे वेगळे. विमानाचं तिकीट अजून लांबच होतं.

पैशांचं तरी कसंबसं जमलं असतं. १६च्या आतल्या मुलाच्या अर्जाला आई आणि वडील दोघांनी हजर राहावं लागतं. एकाला येता येत नसेल तर डीएस-३०५३ हा संमतीचा फॉर्म नोटरीसमोर सही करून, सोबत ओळखपत्राची प्रत जोडून द्यायचा. नियम योग्यच आहे, घटस्फोटानंतर मुलांना परस्पर परदेशी नेऊ नये म्हणून तो आहे. पण मुलांचा बाप कॅन्सस राज्यातल्या विचिटाला, आणि फोन उचलणं ही त्याची सवय नाही. त्यातच मुलीचा जन्मदाखला म्हणून घरात जपून ठेवलेला कागद निघाला रुग्णालयाने दिलेला, इवल्या पावलांच्या ठशांचा. दिसायला गोड, पासपोर्टसाठी शून्य किमतीचा. राज्याच्या नोंदणी कार्यालयाचा, शिक्का-सहीचा दाखला पाहिजे.

नवरा छपरांची कामं करतो. काम असेल त्या दिवशी पैसे. तिला आमच्याकडे पगारी रजा मिळते, पण आजारपण आणि सुट्टी एकाच गंगाजळीतून, आणि त्या वर्षी धाकट्याच्या कानदुखीने ती निम्मी उपसली होती. खाजगी नोकरीत पगारी सुट्टी दिलीच पाहिजे असा केंद्रीय कायदा या देशात नाही. एक दिवसाचीही सक्ती नाही. युरोपीय संघात वर्षाला किमान चार आठवडे कायद्यानेच मिळतात. आमच्या जेवणावळीत हसणाऱ्यांपैकी बरेचजण संगणकावर घरून काम करणारे, रजा साठवून डिसेंबरात महिनाभर जाणारे. छपरावरच्या माणसाला ती सोय नाही.

शेवटी ती एकटीच गेली. जलद सेवेचे ६० डॉलर जादा भरले, पासपोर्ट वेळेत आला, लग्नात नाचून आली. त्या भागाला सेवेचे पैकीच्या पैकी गुण.

पण गंमत पुढे आहे. हेच कुटुंब याआधी परदेशी जाऊन आलं होतं, एकही पासपोर्ट नसताना! टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनहून क्रूझ घेऊन मेक्सिकोच्या कोझुमेलला. जहाज ज्या अमेरिकी बंदरातून सुटतं त्याच बंदरात परत येणार असेल, तर अशा बऱ्याच फेऱ्यांना अमेरिकी नागरिकाचं जन्मदाखल्यावर आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर भागतं. (तरी पासपोर्ट असलेला बरा. कोझुमेलला जहाज चुकलं तर विमानाने परत यायचं कशावर?) म्हणजे पासपोर्ट नाही म्हणून परदेश पाहिला नाही, हे समीकरणही पुरतं खरं नाही.

पूर्वी तर ते अजिबातच खरं नव्हतं. २००७च्या जानेवारीपर्यंत कॅनडा-मेक्सिकोहून विमानाने परतायला अमेरिकी माणसाला पासपोर्ट सक्तीचा नव्हता, आणि रस्त्याने किंवा जहाजाने यायला २००९च्या जूनपर्यंत. हसून लायसन्स दाखवायचं आणि पुढे जायचं. १९९०मध्ये जेमतेम ५ टक्के अमेरिकनांकडे पासपोर्ट होता, आता जवळपास निम्म्यांकडे आहे. दोन शेजाऱ्यांकडे जायचा नियम बदलल्यावर गर्दी इतकी उसळली की २००७च्या उन्हाळ्यात अर्ज तुंबले. जगाबद्दलचं कुतूहल त्या एका वर्षात अचानक वाढलं असेल असं मला वाटत नाही.

आणि इथून जायचं तरी किती लांब! कॅन्सस सिटीहून कॅनडाला गाडीने निघालात तर आयोवा आणि मिनेसोटा ओलांडा. मेक्सिकोला निघालात तर ओक्लाहोमा आणि नंतर अख्खा टेक्सास. विमानात तीन तासांहून जास्त बसलं तरी उतरतो लॉस एंजेलिसला, देश तोच. बर्फ, वाळवंट, ज्वालामुखी, प्रवाळ, ६३ राष्ट्रीय उद्यानं, सगळं पासपोर्टशिवाय. स्पॅनिश बोलणारं उष्ण बेट हवं तर प्वेर्तो रिकोलाही पासपोर्ट लागत नाही. चार दिवसांची रजा हातात असलेला माणूस इथल्याच मिझुरीतल्या ओझार्क्सच्या तळ्यावर गेला, तर त्याला संकुचित कशाला म्हणायचं?

हो, काहीजणांना खरोखरच इच्छा नसते, तेही बघितलंय. तिकडचं पाणी बाधेल, तिकडे सुरक्षित नसेल, इंग्रजी कळणार नाही. आमच्याकडे कवळी बसवायला येणारे एक आजोबा मात्र वेगळे. मी सहज विचारलं, परदेशी गेला होतात का कधी. म्हणाले, "एकदाच. व्हिएतनाम. तिकीट सरकारने काढलं होतं." सैन्याच्या हुकमावर आणि ओळखपत्रावर गेले, पासपोर्ट आयुष्यात काढला नाही. परत कुठे जायची हौस उरली नाही म्हणाले. त्यांना मी जग पाहायचे फायदे सांगायचे की काय?

आपलं म्हणाल तर, मी पासपोर्ट काढला तो जग बघायला नव्हे. आई तिकडे भारतात आहे. रात्री-बेरात्री फोन आला तर निघता यावं म्हणून तो कपाटात तयार हवा. मंडळातल्या बहुतेकांचे पासपोर्ट चाळा, शिक्के एकाच देशाचे निघतील, मधे एखादं पॅरिस. हायजिनिस्टची आई घरापासून वीस मिनिटांवर राहते. तिच्या जागी मी असते तर माझ्या कपाटात काय असतं ते मला चांगलं माहीत आहे.

अर्ज करणाऱ्यांसाठी राहिलेलं. पासपोर्ट कार्ड ३० डॉलरचं, पाकिटात मावतं, देशांतर्गत विमानाला ओळखपत्र म्हणून चालतं. पण त्यावर कॅनकूनचं विमान पकडता येत नाही, फक्त जमिनीवरून आणि समुद्रातून, तेही कॅनडा, मेक्सिको, बर्म्युडा आणि कॅरिबियनपुरतं. स्वस्त म्हणून तेवढंच घेऊ नका. फॉर्मवर मोठ्या पुस्तिकेचा चौकोन असतो, त्यावर खूण करा, जास्त पानं मिळतात आणि जादा पैसे पडत नाहीत. आणि चेकबुक घेऊन जा.