लॉरा, मिल्ड्रेड की एलन: आधी कोणता पिक्चर लावायचा?

मावसबहिणीचा परवा मेसेज आला, जुना हॉलिवूडचा पिक्चर सांग, लव्हस्टोरी पाहिजे, खूनबिन पाहिजे आणि जरा नाटकी पाहिजे, शनिवारी रात्री मी, आई आणि शेजारच्या काकू बसणार आहोत, एकच सांग. मी तीन नावं पाठवली. ती म्हणाली अगं एक म्हटलं होतं ना, मग मी फोनच केला आणि अर्धा तास बोलत बसले, तेच आता इथे लिहून ठेवतेय कारण हा प्रश्न मला आधीपण दोघातिघांनी विचारलाय आणि या तीन पिक्चरांवर माझा खरंच जीव आहे.

तर ते तीन म्हणजे १९४४ चा लॉरा, आणि १९४५ चे मिल्ड्रेड पिअर्स आणि लीव्ह हर टू हेवन (वर नाव घेतलेली एलन यातली). लॉरा आणि लीव्ह हर टू हेवन ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचे, दोन्हीत हिरॉइन जीन टिअर्नी. मिल्ड्रेड वॉर्नर ब्रदर्सचा, त्यात जोन क्रॉफर्ड. लीव्ह हर टू हेवनसाठी टिअर्नीला ऑस्करचं नॉमिनेशन होतं आणि त्या वर्षीचं बेस्ट अ‍ॅक्ट्रेस घेऊन गेली क्रॉफर्ड, मिल्ड्रेडसाठीच. म्हणजे आपण आज ज्या दोन पिक्चरांमध्ये अडकलोय त्यांची तुलना १९४६ च्या मार्चमध्येच होऊन गेलीये. निकाल मला तेव्हाचा मान्य आहे, पण पूर्ण नाही, ते पुढे सांगते.

आधी त्या नाटकीपणाबद्दल. इंग्रजीत याला कॅम्प म्हणतात, सुझन सॉन्टॅग या अमेरिकन लेखिकेने १९६४ मध्ये त्यावर एक निबंध लिहिला तेव्हापासून तो शब्द सगळीकडे झाला. मराठीत भडक म्हणावं तर त्यात नाक मुरडणं येतं आणि इथे तसं काही नाहीये. लिपस्टिक जास्त लाल, जिना जास्त मोठा, डायलॉग कुणी घरात बोलणार नाही असा, पण करणाऱ्यांनी सगळं जीव ओतून केलंय, कुणी हातचं राखून नाही केलं. आपल्याकडे संगीत नाटकात मरायला टेकलेला माणूस पूर्ण पद म्हणतो आणि आपण ते डोळ्यात पाणी आणून ऐकतो ना, तसंच काहीसं. ज्याला हे चालत नाही त्याने लॉरापर्यंतच थांबावं, पुढचे दोन त्याला जड जातील.

तिन्ही पिक्चर मागे जाऊन गोष्ट सांगतात, आणि माझ्या मते निवड इथेच करायची, की गोष्ट कोणाच्या तोंडून ऐकायचीये.

लॉरामध्ये सुरुवातीलाच वाल्डो लायडेकर नावाचा एक लेखक बोलायला लागतो, ज्या वीकेंडला लॉरा गेली तो मी कधीच विसरणार नाही म्हणून. न्यूयॉर्कमध्ये लॉरा हंट नावाच्या मुलीचा खून झालाय आणि मार्क मॅकफर्सन हा डिटेक्टिव्ह चौकशीला वाल्डोकडे येतो, तर हा माणूस बाथटबमध्ये बसून आडव्या फळीवर टाइपरायटर ठेवून लिहितोय, आणि पोलीस आला म्हणून उठतबिठत नाही, तिथूनच बोलतो. क्लिफ्टन वेबने हे काम असं केलंय की बाकी सगळे दिसायला सुंदर असूनही नजर त्याच्यावरच जाते. तो तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, नाव होतं ते रंगभूमीवर, या पिक्चरने त्याला थेट ऑस्करच्या नॉमिनेशनपर्यंत नेलं.

अर्धा पिक्चर आपण लॉराला फक्त वाल्डोच्या शब्दांतून ओळखतो, आणि भिंतीवरच्या तिच्या त्या मोठ्या पेंटिंगमधून. (ते पेंटिंग खरं पेंटिंग नाहीच, टिअर्नीचा फोटो मोठा करून त्यावर ऑइल पेंट फिरवलाय, म्हणून ते जिवंतही वाटतं आणि थोडं विचित्रही.) मॅकफर्सन रात्री तिच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये येतो, तिची पत्रं चाळतो, कपाट उघडतो, अत्तराची बाटली हुंगतो, तिचीच व्हिस्की ओतून घेतो आणि पेंटिंगखालच्या खुर्चीत बसतो. तो तिच्या प्रेमात पडलाय हे तो स्वतः बोलत नाही, वाल्डोच ते तोंडावर फेकतो, की मेलेल्या बाईच्या प्रेमात पडलेला पेशंट वेड्यांच्या हॉस्पिटललासुद्धा आजवर मिळाला नसेल. यानंतर खुर्चीत डोळा लागलेल्या मॅकफर्सनसमोर जे घडतं ते मी सांगणार नाही आणि तुम्हीपण कुठे वाचू नका प्लीज, पोस्टरबिस्टर शोधायला जाऊ नका.

या पिक्चरचं म्युझिक ही एक वेगळीच गोष्ट आहे. डायरेक्टर ऑटो प्रेमिंजरला ड्यूक एलिंग्टनचं एक गाजलेलं गाणं वापरायचं होतं, संगीतकार डेव्हिड रॅक्सिनने ते नको म्हटलं, मग त्याला स्वतःची धून करायला एक वीकेंड मिळाला आणि त्याच दिवसांत त्याला बायकोचं पत्र आलं होतं की मी सोडून जातेय. त्यातून ती धून आली. हे माहीत नसतानाही मी ऐकली तेव्हा पोटात काहीतरी हललं होतं, कळल्यावर तर विचारूच नका.

लॉरा ८८ मिनिटांचा आहे. जुने पिक्चर कधी बघितलेच नाहीत असा माणूस असेल तर डोळे झाकून हाच. कमी पडतो तो फक्त एका बाबतीत, रडू येत नाही.

आता लीव्ह हर टू हेवन. हा माझा आवडता, म्हणून यावर जास्त बोलणार आहे.

याची गोष्ट एक वकील सांगतो, ग्लेन रोबी. रिचर्ड हार्लंड हा लेखक दोन वर्षं तुरुंगात काढून परत आलाय, होडीत बसून तळं ओलांडून घरी निघालाय आणि काठावर बसून वकील दुसऱ्या माणसाला सांगतो की काय काय झालं. रिचर्डला ट्रेनमध्ये एलन भेटते, समोर बसून त्याचंच पुस्तक वाचत असते, आणि मग पुस्तक सोडून त्याच्याकडे एकटक बघायला लागते, एवढं की तो कावराबावरा होतो. तू माझ्या वडिलांसारखा दिसतोस म्हणते. न्यू मेक्सिकोत ती आलीये ती त्याच वडिलांची रक्षा उधळायला, आणि तो सीन बघाच, पहाटेच्या उजेडात घोड्यावर बसून, कलश हातात धरून ती सरळ पुढे बघत दौडत जाते आणि रक्षा दोन्ही बाजूंना उडते, एकही शब्द नाही, फक्त म्युझिक. मला तिथेच कळलं होतं की ही बाई कुणालाही अर्धं प्रेम देणार नाही आणि अर्धं घेणारपण नाही. थोड्याच दिवसांत तीच रिचर्डला लग्नाचं विचारते आणि म्हणते मी तुला कधीच सोडणार नाही, कधीच, कधीच, कधीच. पहिल्यांदा ऐकताना किती गोड वाटतं ते.

हे सगळं टेक्निकलरमध्ये. अशा काळ्या मनाच्या गोष्टी तेव्हा ब्लॅक अँड व्हाइटमध्येच यायच्या, अंधारे जिने, पावसातले रस्ते वगैरे, इथे मात्र सगळं भर उन्हात, निळं तळं, हिरवी झाडं, टिअर्नीचे हिरवट डोळे आणि लाल ओठ. लिऑन शॅमरॉयला याच्या कॅमेऱ्यासाठी ऑस्कर मिळालं आणि ते पूर्ण न्याय्य आहे. मी पहिल्यांदा हा पिक्चर प्रवासात मोबाइलवर बघितला, ब्राइटनेस कमी करून, आणि ठीक आहे म्हणून सोडून दिला होता. नंतर घरच्या मोठ्या टीव्हीवर रिस्टोर केलेली कॉपी लावली तेव्हा कळलं की मी काहीच बघितलं नव्हतं. म्हणून हा मोबाइलवर बघणार असाल तर नकोच, लॉरा लावा.

आणि तो तळ्याचा सीन. रिचर्डचा धाकटा भाऊ डॅनी, पोलिओ झालेला, लाघवी पोरगा, त्यांच्याबरोबरच राहायला येतो. अमेरिकेतल्या मेन राज्यात तळ्याकाठच्या लाकडी घराच्या भिंती एवढ्या पातळ की सकाळी नवरा-बायको जरा जवळ आले तर पलीकडच्या खोलीतून डॅनी बोलायला लागतो. हे बघताना मला मुंबईतली दोन खोल्यांची घरं आठवली, लग्न होऊन आलेली सून, पडद्यापलीकडे दीर, आणि सगळ्यांनी समजून घ्यायचं ते तिनेच. म्हणजे एलनचा राग कुठून येतो ते आपल्याला नीट कळतं, आणि कळतं म्हणूनच पुढे भीती जास्त वाटते. डॅनी तळं पोहून पार करायचं ठरवतो, ती शेजारी होडी वल्हवत असते, डोळ्यांवर काळा गॉगल. तो दमतो, हाका मारतो. म्युझिक एकदम नाही. फक्त पाणी आणि त्याचा आवाज, आणि ती बसलेली. एवढा सुंदर दिवस, आणि गॉगलमागे डोळे काय करतायत ते आपल्याला दिसतच नाही. पुढचं मी लिहीत नाही पण तुम्हाला अंदाज आला असेल, आणि येऊ दे, कारण हा पिक्चर खुनी कोण हे शोधण्याचा नाहीच, खुनी आपल्या समोरच बसलेला असतो आणि आपण काही करू शकत नाही.

आणि बघा, तळ्यावर त्या क्षणी तो गोष्ट सांगणारा वकील नव्हताच. एलनच्या मनातलं कुणीच कोणाला सांगितलेलं नाही, तिची बाजू मांडणारं आख्ख्या पिक्चरमध्ये कुणी नाही. म्हणून टिअर्नीला ते सगळं नुसत्या चेहऱ्याने करावं लागलं. ऑस्करचा निकाल मला पूर्ण मान्य नाही तो यासाठी.

नाटकीपणा हवा असेल तर शेवटचं कोर्ट बघा. एलनने ज्याला सोडलं तो आधीचा वाग्दत्त वरच सरकारी वकील म्हणून उभा, व्हिन्सेंट प्राइस, आणि साक्षीदारांवर असा तुटून पडतो की न्यायाधीश गप्प कसे बसलेत असं वाटतं. हाच प्राइस लॉरामध्ये गोडबोल्या, ऐतखाऊ शेल्बी आहे, दोन्ही लागोपाठ बघितले तर विश्वास बसत नाही. कोर्टाचा भाग मात्र लांबलाय हे मी कबूल करते, आणि कॉर्नेल वाइल्डचा रिचर्ड तसा मऊच आहे, एलनला त्याच्यात एवढं काय दिसलं हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. वडिलांसारखा दिसतो एवढंच असेल. लांबी ११० मिनिटं.

मिल्ड्रेड पिअर्समध्ये गोष्ट बाई स्वतः सांगते, पोलीस स्टेशनमध्ये बसून. समुद्राकाठच्या घरात गोळ्या सुटतात, एक माणूस मिल्ड्रेड म्हणतो आणि मरतो, तिथून सुरुवात. मग ती मागचं सांगते, की नवरा सोडून गेला, दोन मुली, पैसे नाहीत, म्हणून तिने घरी केक-पाय करून विकले, हॉटेलात वेट्रेस झाली आणि मग स्वतःची हॉटेलं काढली, एकातून अनेक. सगळं मोठ्या मुलीसाठी, व्हेडासाठी. आणि व्हेडाला आईच्या अंगाला येणाऱ्या तेलातुपाच्या वासाचीच लाज वाटते. आई लपूनछपून वेट्रेसचं काम करते हे कळल्यावर ती पोरगी आईचा तो युनिफॉर्म घरच्या मोलकरणीला घालायला देते, मुद्दाम. तो युनिफॉर्म मोलकरणीच्या अंगावर बघताना क्रॉफर्डचा चेहरा बघा. जिन्यावरचं माय-लेकींचं भांडण सगळ्यांना माहीत असतं, चेक फाडणं, थप्पड वगैरे, पण माझ्यासाठी पिक्चर त्या युनिफॉर्मपाशी आहे.

एम्‌जीएम स्टुडिओत अठरा वर्षं काढून क्रॉफर्ड बाहेर पडली होती, संपली असंच लोक म्हणत होते, डायरेक्टर मायकल कर्टिझलासुद्धा ती आधी नकोच होती. ऑस्करच्या रात्री ती आजारी म्हणून घरीच राहिली आणि बक्षीस तिने बेडवर बसून घेतलं, फोटोग्राफर भोवती. पिक्चरइतकाच तोही सीन. जेम्स केनच्या १९४१ च्या मूळ कादंबरीत खून नाहीये, तो पिक्चरसाठी घातलाय, आणि मला वाटतं म्हणूनच रहस्याचा धागा तिघांमध्ये इथे सगळ्यात सैल आहे. लव्हस्टोरी म्हणाल तर मिल्ड्रेडचा दुसरा नवरा माँटी हा दिखाऊ, तिच्याच पैशांवर जगणारा, त्याच्याबद्दल कुणालाच काही वाटत नाही. यातलं खरं प्रेम आईचं आहे आणि तेच घात करतं. १११ मिनिटं आहेत, पण जाणवत नाहीत, कारण मधे मधे मिल्ड्रेडची मैत्रीण आयडा, म्हणजे ईव्ह आर्डेन, येऊन एकेक फटका मारून जाते.

तर बहिणीला मी शेवटी काय सांगितलं. आई आणि काकू आहेत, तर मिल्ड्रेड लाव. ज्या बायकांनी स्वयंपाकघरात उभं राहून पोरांची शिक्षणं केलीत त्यांना सबटायटलची गरजपण लागणार नाही. एकटी असतीस, कामावरून दमून आली असतीस तर लॉरा, दीड तासात संपतो आणि झोप छान लागते. आणि ज्या दिवशी वेळ असेल, मोठा टीव्ही असेल, खोलीत बोलणारं कुणी नसेल, त्या दिवशी लीव्ह हर टू हेवन, पण लॉरा बघून झाल्यावरच. कारण लॉरामध्ये टिअर्नीकडे सगळे बघत असतात, भिंतीवर टांगून बघतात, आणि ट्रेनच्या डब्यात ती पुस्तक खाली घेऊन त्या लेखकाकडे न हलता बघायला लागते तेव्हा पहिल्यांदाच ती कुणाकडे तरी बघतेय असं वाटतं, आणि तो माणूस नजर चुकवायला लागतो.