विदर्भाच्या सत्तांचे सात झेंडे: शाळेसाठी घेतलेल्या संचाचा अभिप्राय

आमच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शाळेत महाराष्ट्र दिनाच्या प्रदर्शनासाठी मी विदर्भावर राज्य केलेल्या सत्तांच्या झेंड्यांचा एक संच मागवला. एका फलकावर ओळीने सात भोके, त्यांत सात छोटे झेंडे, प्रत्येकाखाली सनावळीची पितळी पट्टी आणि सोबत सोळा पानांची पुस्तिका असे त्याचे स्वरूप असून किंमत १,४५० रुपये पडली. कुरिअर आमच्या गावापर्यंत येत नाही, त्यामुळे पार्सल तालुक्याच्या ठिकाणी जाऊन आणावे लागले. मात्र बांधणी चांगली होती आणि एकही दांडी मोडलेली नव्हती.

कापड साटिनचे आहे आणि छपाई दोन्ही बाजूंनी स्वच्छ उमटली आहे. भोसल्यांचा भगवा खरोखर दोन टोकांचा कापलेला असून त्याच्या कडा दुमडून शिवलेल्या आहेत. एवढ्या पैशांत हे काम मला अपेक्षित नव्हते. तिरंग्याच्या चक्रातील आरे सातवीच्या एका मुलीने सुईच्या टोकाने मोजले, ते बरोबर २४ भरले. गोंड राजांसाठी चंद्रपूरच्या परकोटाच्या वेशींवर कोरलेले हत्तीवरचे सिंहाचे चिन्ह घेतले आहे. ते शिल्पातून उचललेले आहे, हे पुस्तिकेत सांगायला हवे होते; मुलांना तो कोणी जपून ठेवलेला झेंडाच वाटला.

चुका मात्र दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत. युनियन जॅक उलटा शिवलेला आहे. दांडीलगत वरच्या अंगाला रुंद पांढरा पट्टा यायला हवा, तो खाली गेला आहे. इंग्रजांच्या पट्टीवर १८१८ हे साल आहे. त्या सुमारास नागपूरकर भोसले इंग्रजांच्या अंकित झाले हे खरे, पण वऱ्हाड, म्हणजे विदर्भाचा पश्चिम भाग, ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली आला तो १८५३ च्या तहाने आणि नागपूरचे राज्य खालसा झाले १८५४ मध्ये. अचलपूरला राजधानी असलेल्या इमादशाहीला संचात जागाच नाही, आणि आमच्या भागातल्या शाळेला ही उणीव फारच टोचते, कारण अचलपूर आमच्या पोरांना बाजाराचे गाव म्हणून पाठ आहे.

सर्वांत देखणा झेंडा हैदराबादच्या आसफजाहीचा, म्हणजे निजामांच्या घराण्याचा, आहे. हळदीसारखा पिवळा आणि मधोमध पांढरा गोल. तो पाहताच पाचवीतल्या एकाने विचारले, "सर, हे भाकर होय काय?" बाकीचे हसले, पण पोरगा फारसा चुकला नव्हता. पहिल्या निजामाला एका सूफी संताने कुलचे, म्हणजे गोल रोट्या, खाऊ घातले, त्याने सात खाल्ले, म्हणून सात पिढ्या राज्य चालेल असा आशीर्वाद मिळाला आणि तो कुलचा झेंड्यावर आला, अशी दंतकथा आहे. या झेंड्याखालच्या पट्टीवर १७२४ हे साल आहे आणि तेही योग्यच, कारण त्याच वर्षी बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्ड्याच्या लढाईत निजामाने मुघल सुभेदार मुबारिझखानाचा पराभव करून दख्खनेत आपली सत्ता बसवली. अडचण अशी की झेंड्याच्या खालच्या कडेला 'या उस्मान' असे लिहिलेले आहे, आणि मीर उस्मान अली खान गादीवर आले ते १९११ मध्ये. पणतूच्या पणतूचे नाव मिरवणारा झेंडा मूळ पुरुषाच्या हाती देण्यासारखा हा प्रकार झाला.

तरीही माझा मुख्य आक्षेप फलकाविषयी आहे. एका ओळीत सात भोके असली की मुलांच्या मनात एक झेंडा उतरला आणि दुसरा चढला असे चित्र पक्के बसते. वऱ्हाडात तसे घडले नाही. अठराव्या शतकात इथे दुअंमल होता. मुलूख निजामाचा आणि वसुलीत वाटा भोसल्यांचा, त्यामुळे रयतेच्या दारात दोन सरकारांची माणसे येत. १८०३ मध्ये इंग्रजांशी अडगावची लढाई आणि गाविलगडचा पाडाव झाल्यानंतर देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला व तो निजामाकडे गेला, पण गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले त्यांच्याकडेच राहिले. म्हणजे आमच्या शेतातून उत्तरेला दिसणाऱ्या डोंगरावर भोसले आणि खाली सपाटीवर निजाम. पुढे १९०२ मध्ये वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्याने दिले गेले. १९३६ च्या करारात निजामाचे नाममात्र स्वामित्व मान्य करून त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' (वऱ्हाडचा राजपुत्र) ही पदवी आणि वऱ्हाडात ब्रिटिश झेंड्याबरोबर निजामाचा झेंडा लावण्याचा मान देण्यात आला. संचात पिवळा झेंडा तिसऱ्या भोकात आणि युनियन जॅक सहाव्या भोकात आहे; या दोघांना शेजारी आणण्याची सोयच ठेवलेली नाही.

उलट, जो झेंडा वेगळा हवा तो त्याच ओळीत शेवटी खोचला आहे. ध्वजसंहितेप्रमाणे राष्ट्रध्वजाच्या बरोबरीने किंवा त्याहून उंच दुसरा झेंडा लावता येत नाही. मी तिरंगा काढून मुख्याध्यापकांच्या टेबलावर स्वतंत्र उभा केला.

विक्रेत्याला चुका कळवल्यावर त्याने उलट्या युनियन जॅकच्या बदली दुसरा आठवड्याभरात विनाशुल्क पाठवला, पट्ट्यांबाबत मात्र उत्तर दिले नाही. पुस्तिका हिंदीत आहे आणि तिच्यात १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहाचा उल्लेखही नाही. काँग्रेसच्या चरख्याच्या त्या झेंड्याने राज्य केले नाही हे कबूल, पण त्याच्यासाठी सत्याग्रह करून जमनालाल बजाज तुरुंगात गेले. दोन ओळी त्याला द्यायला हरकत नव्हती.

पट्ट्या बदलून घेण्याची तयारी असलेल्या शाळेने हा संच जरूर घ्यावा; घरी शोभेसाठी घेण्याएवढा तो अचूक नाही. आम्ही गावातल्या सुताराकडून सागाचे दोन-दोन भोकांचे दोन ठोकळे करून घेतले. एकात निजाम आणि भोसले, दुसऱ्यात निजाम आणि इंग्रज. त्यासाठी पिवळे झेंडे दोन लागले आणि विक्रेता सुटा झेंडा देत नाही, म्हणून दुसरा शिंप्याकडून शिवून घेतला. त्याच्यावर अक्षरे नाहीत, नुसता पांढरा गोल आहे. भोसल्यांच्या शेजारी तोच लावला आहे.